हुमणाचा वास लागलेली माटोळी

मित्रांनो, जरा मान वर करा. अजून वर. स्वयंपाकघराच्या माळ्यावर, भाताच्या कणगीमागे, जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेलं काही दिसतंय ना? तीच मी. माटोळी. वर्षाचे बहुतेक दिवस मी इथे अशी आडवी पडलेली असते, म्हणून मला कोणी अडगळ समजू नये. उरलेले थोडे दिवस मी कुठे असते ते कळलं, तर तुम्ही हात जोडाल.

गोव्याबाहेरच्या मुलांना माटोळी ठाऊक नसेल, त्यांच्यासाठी सांगते. गोव्यातल्यांनी तेवढा वेळ गप्प बसावं. चवथीला घरोघर गणपती बसतो, तेव्हा आमच्याकडे त्याच्या बरोबर डोक्यावर छताला लाकडी पट्ट्यांची एक जाळी टांगतात. तिला रानातलं आणि परसातलं जे काही पिकलं असेल ते बांधतात. नारळाची पेंड, सुपारीचा घोस, तोरिंजन, चिबूड, आंबाडे, रानातली लालभडक कवंडळं, हलवली की खुळखुळणाऱ्या घागऱ्या. पिकातलं पहिलं देवाला, अशी ती रीत आहे. ती जाळी म्हणजे मी. देव माझ्याखाली बसतो. आता बोला.

माझा जन्म डिचोलीजवळच्या सर्वण गावातला. गोवा घटक राज्य झालं, त्या वर्षीच्या पावसात कृष्णनाथने मला घडवलं. हा कृष्णनाथ खाणीवर ट्रक चालवायचा. पावसात खाणी बंद असतात, त्यामुळे ट्रक अंगणात उभा आणि कृष्णनाथ घरात. घरातल्या जुन्या माटोळीला वाळवी लागली होती. कुळागरात, म्हणजे आमच्या सुपारीच्या बागेत, वाऱ्याने एक पोफळ पडली होती. तिच्या पट्ट्या काढून, तासून, घासून त्याने मला उभी केली. टांगायला चार कोपऱ्यांना त्याने ट्रकच्या ताडपत्रीचे लोखंडी आकडे ठोकले. ते बघून त्याची बायको चंद्रावती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"देवाक ट्रकाचे आंकडे?" तिने विचारलं.

"वर्सभर पोटाक कोण घालता? ट्रकच न्हय?" कृष्णनाथ म्हणाला. "देवाक कळूं दी."

 आकडे राहिले. आजही आहेत.

त्यानंतरची वर्षं माझी सुखाची गेली. चवथ जवळ आली की कृष्णनाथ कोयता आणि पोतं घेऊन डोंगरावर जायचा आणि पायाला जळवा लावून परत यायचा. पोतं उघडलं की अख्खं रान घरात यायचं. मग चंद्रावती रानवेलीच्या सालीने एकेक वस्तू मला बांधायची. कवंडळाशेजारी कांगलांची रानफळं हवीत, चिबूड कडेला नको, मधोमध नारळ, असा तिचा हट्ट असायचा. शेजारपाजारची माणसं नुसतं बघायला येत नसत, येताना काहीतरी घेऊन येत. कोणी परसातला दुधी, कोणी पपनस. विसर्जन झालं की ते सगळं खाली उतरायचं आणि चंद्रावती वाड्यावरच्या प्रत्येक घराचा वाटा काढायची. कोणाशी भांडण झालेलं असलं तरी वाटा चुकायचा नाही. ज्याचा वाटा निघतो तो आपला माणूस, असं तिचं साधं गणित होतं.

पुढे डोंगराची एक बाजू खाणीत गेली आणि कांगलां आणायला कृष्णनाथला लांब जावं लागू लागलं. मग एका वर्षी खाणीच बंद पडल्या. अंगणातला ट्रक पावसाळा सरला तरी हलेना. शेवटी तो विकला, आणि त्यानंतर थोड्याच काळात कृष्णनाथही गेला. त्याच्या हातच्या किती गोष्टी घरात उरल्या म्हणाल, तर एक विहिरीचा रहाट, एक मोडका पाट आणि मी. चंद्रावती मला माळ्यावर ठेवताना लुगड्यात गुंडाळायला लागली ती तेव्हापासून. आधी मला गोणपाट असायचं.

आता घरात चंद्रावती, तिचा मुलगा रुद्रेश आणि सून ऋतिका. रुद्रेश वीजजोडणीची कामं करतो, ती कधी असतात, कधी नसतात. ऋतिका हुशार आणि धडपडी. गावातल्या बायकांनी एकत्र येऊन एक बेत केला, त्यात ती पुढे होती. परदेशातून गोव्यात येणारे लोक समुद्र बघून परत जातात. त्यांना गावात आणायचं. हॉटेल नाही, घरातच एक खोली द्यायची. घरात जे शिजेल तेच त्यांनी जेवायचं, पोदेराच्या भट्टीतला पाव आणि चहा घ्यायचा, आपल्याबरोबर शेतात, कुळागरात हिंडायचं, डिचोलीच्या कुंभाराकडे जाऊन मातीत हात घालायचे. चार घरांना आधार होईल आणि माणसाला माणूस भेटेल. मला माळ्यावर पडल्या पडल्या हा बेत फार आवडला होता. पाहुणा घरात आला की भांडी घासली जातात, दारं-जनेलं पुसली जातात आणि माणसं एकमेकांशी नीट बोलतात.

पण एक अडचण होती. परदेशी पाहुणे येतात थंडीत. चवथ असते पावसात. ऋतिकाला वाटे, आमच्या घरातली सगळ्यात देखणी गोष्ट यांना कधी दिसणारच नाही. तिच्या मनात माझ्याबद्दल अभिमान होता, हे मी आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही तिला नावं ठेवाल.

झालं असं, की एकदा चंद्रावती लग्नाला पेडण्याला माहेरी गेली होती. ती नसताना ऋतिकाने मला खाली काढलं, रुद्रेशने पडवीत आकडे मारले आणि मला टांगलं. ऐन थंडीत फळं कुठली? म्हणून डिचोलीच्या बाजारातून प्लास्टिकची आणली. प्लास्टिकचे आंबे, प्लास्टिकची द्राक्षं. द्राक्षं, मित्रांनो! सर्वणच्या कुठल्या डोंगरावर द्राक्षं पिकतात ते मला दाखवा. वर बारीक दिव्यांची माळ. माझे फोटो काढले, ते इंटरनेटवर चढवले आणि खाली पाहुण्यांचं जेवणाचं मेज मांडलं.

आणि त्या मेजावर आलं हुमण.

हुमण म्हणजे आमची माशांची आमटी. गोव्याच्या माणसाला हुमणाशिवाय जेवण उतरत नाही, चंद्रावतीलाही नाही. पण चवथीच्या खोलीत मासळीचा वास कधी येत नाही. चवथीआधी ती चूल सारवते, मासळीची भांडी वेगळी काढते, पाटा चिंच लावून घासते. आणि आता मी, देवाच्या डोक्यावर असणारी, तळलेल्या बांगड्यांच्या वाफेत लटकत होते. माझी पोफळीची पट्टी वास धरून ठेवते. मी काय करणार? मला नाक मुरडायलाही नाक नव्हतं.

चंद्रावती लग्नाहून परत आली तेव्हा पडवीत पाहुणे जेवत होते. तिने पिशवी खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं, पाहुण्यांना हसून हात जोडले आणि आत गेली. पाहुण्यांसमोर आवाज चढवायचा नाही, ही त्या घरची शिस्त. बोलली ती रात्रीची भांडी घासताना.

"तिका हुमणाचो वास लागला," ती म्हणाली. "फुडल्या चवथीक ही देवाच्या माथ्यार चडची ना. शांताराम मेस्ताक नवी करूंक सांगतां." शांताराम मेस्त म्हणजे गावातला सुतार.

"आई, अशी काय करता? ती बाबांनी केलेली," ऋतिका घाबरून म्हणाली.

"म्हणूनच," चंद्रावती म्हणाली आणि भांडं इतकं घासलं की त्याची कल्हई जायची वेळ आली.

मला रडू आलं असतं तर मी रडले असते. देवाने टाकलं असतं तर सोसलं असतं, पण मला चंद्रावतीने टाकलं होतं. आणि तिलाही ते सोपं जात नव्हतं, हे मला वरून दिसत होतं. येता जाता ती माझ्याखालून जायची, पण मान खाली घालून. नवऱ्याच्या हातची वस्तू डोळ्यांसमोर लटकते आहे, आणि ती आता देवाची राहिली नाही, पाहुण्यांची झाली. ठेवावी तर जीव जळतो, टाकावी तर जीव जातो.

अशात हेल्मी आली. फिनलंड नावाच्या थंड देशातली म्हातारी. उंच, पांढऱ्या केसांची, गुडघेदुखीने बेजार. तिकडे ती परिचारिका होती. एकटीच आली होती. इंग्रजी ती जपून बोलायची, ऋतिका धाडस करून बोलायची आणि चंद्रावती तर बोलायचीच नाही. गावात तिला लगेच हेल्मीबाय म्हणायला लागले.

पहिल्याच दुपारी ती मेजापाशी बसली, कुलेर, म्हणजे चमचा, उचलली आणि वर बघून थांबली. तिचा चेहरा उजळला. तिने ऋतिकाला हातवारे करून काहीतरी भरभर सांगितलं. ऋतिका टाळी वाजवून स्वयंपाकघराकडे वळली.

"आई, ऐकलंत? ह्यांच्या देशातसुद्धा असंच टांगतात. गवताच्या काड्या दोऱ्यात ओवून झुंबर करतात, त्याला हिम्मेली म्हणतात. नाताळात टांगायचं, पुढच्या वर्षी पीक भरपूर यावं म्हणून. ह्यांची आई करायची. आणि कुठे टांगतात ठाऊक आहे? जेवणाच्या मेजावर!"

मी ऐकतच राहिले. इतक्या लांब, बर्फाच्या देशात, माझी एक बहीण छताला लटकते आहे, हे मला कोणी आजवर सांगितलं नव्हतं.

चंद्रावतीने तव्यावरचा बांगडा उलटला. "टांगूं दी," ती म्हणाली. "तांच्या रितीक चलता जाल्यार बरें. आमच्या देवाक हुमणाचो वास चलना."

"त्या काय म्हणाल्या?" हेल्मीने विचारलं.

"म्हणाल्या, आणखी एक मासा घ्या," ऋतिकाने सांगितलं.

आणि खरंच आणखी एक बांगडा तिच्या ताटात आला. पण जन्मभर आजाऱ्यांची तोंडं वाचलेल्या बाईला फसवणं इतकं सोपं नसतं. तिने दारातून चंद्रावतीच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग ताटाकडे, मग माझ्याकडे. कुलेर खाली ठेवली.

"मासा वाढणाऱ्या बाईचा चेहरा असा नसतो," ती ऋतिकाला म्हणाली. "खरं सांग."

ऋतिकाने मान खाली घातली आणि खरं ते सगळं सांगितलं. देवाचं, वासाचं, सासऱ्यांचं, नव्या माटोळीचं. 

 हेल्मीने आपलं ताट उचललं, उठली आणि कुरकुरत्या गुडघ्यांनी सरळ स्वयंपाकघरात जाऊन चंद्रावतीच्या बाजूला जमिनीवर बसू लागली. आता तिचे गुडघे वाकेनात. अर्ध्यावर अडकली. चंद्रावतीने एक क्षण बघितलं, मग पटकन कोपऱ्यातला कृष्णनाथचा मोडका पाट ओढला, वर दुसरा पाट ठेवला आणि तिचा दंड धरला.

"बस गो," ती म्हणाली. "सवकास."

तिथे बसून हेल्मीने हाताने जेवण केलं. अर्धा भात पदरात, म्हणजे तिच्या पँटवर सांडला. चंद्रावती हसली. मला हसू ऐकू आलं.

जेवण झाल्यावर हेल्मीने रुद्रेशला मला खाली उतरवायला सांगितलं. रुद्रेश चाचरला. दुसरे पाहुणे यायचे होते आणि फोटोत मीच होते.

"फोटो बघूनच मी आले," हेल्मी म्हणाली. "पण घरी गेल्यावर मी फोटोचं नाव काढणार नाही. तुझ्या आईच्या पाटाचं काढेन."

रुद्रेश शिडी आणायला गेला, तोवर ऋतिकाच स्टुलावर चढली. द्राक्षं ओढून काढली, दिव्यांची माळ काढली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मला वाटलं, बाबांची माटोळी सगळ्यांनी बघावी," ती म्हणाली. "एवढंच मनात होतं."

चंद्रावती खाली उभी राहून मला दोन्ही हातांनी झेलत होती. "पळोवंक नाका कोण म्हणटा?" ती हळू म्हणाली. "विचारपाक जाय आशिल्लें गो, बाय." आधी विचारायला हवं होतं, एवढंच तिचं म्हणणं. मग तिने सुनेचं तोंड पदराने पुसलं.

भटजींना विचारलं, तर त्यांनी पंचगव्य शिंपडा म्हणजे झालं, असं सांगितलं. चंद्रावतीने ते शिंपडलंही. पण तिचं समाधान होईना. "भट मासळी खायना," ती म्हणाली. "ताका वास कसो कळटलो?"

मग दुसऱ्या सकाळी विहिरीवर माझी आंघोळ निघाली. एका बाजूने चंद्रावती, दुसऱ्या बाजूने हेल्मी. राख, चिंच आणि नारळाचं सोडण. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, तरी दोघी घासताना सारख्या बोलत होत्या. चंद्रावती कोकणीत कृष्णनाथच्या आकड्यांची गोष्ट सांगत होती, हेल्मी आपल्या भाषेत आईच्या झुंबराची.  माझी सालटी निघाली म्हणा ना. पण अशी मायेने घासलेली मी आयुष्यात कधी नव्हते.

जाण्याआधी हेल्मीने उडवीत रचून ठेवलेलं भाताचं गवत मागितलं. आमचं गवत मऊ, तिच्या काड्या सारख्या मोडत होत्या. शेवटी चंद्रावतीने नीट बघून जाडसर काड्या निवडून दिल्या आणि अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, गुंफतात तसा केळीच्या सोपटाचा दोरा घेऊन स्वतःच ओवायला बसली. दोघींनी मिळून एक वेडंवाकडं, हलकं झुंबर केलं. हेल्मी निघाली तेव्हा ते तिने नेलं नाही. चंद्रावतीच्या हातात ठेवलं. चंद्रावतीने ते चुलीच्या धुराजवळ टांगलं, कीड लागू नये म्हणून.

तरीही, मित्रांनो, शांताराम मेस्ताला दिलेला शब्द तिने मागे घेतला नव्हता. पावसाळाभर मी माळ्यावर पडून होते आणि खाली नव्या माटोळीच्या गोष्टी ऐकत होते. माझं काय होणार, हे कोणी बोलत नव्हतं.

चवथीच्या आदल्या दिवशी शांताराम नवी माटोळी घेऊन आला. देखणी होती, खोटं कशाला बोलू. गुळगुळीत, चकचकीत. चंद्रावती म्हणाली, "आंकडे मात जुनेच जाय," आणि रुद्रेशला मला खाली काढायला सांगितलं. म्हणजे माझे आकडे उपटून तिला लावायचे. कृष्णनाथचे आकडे. मी जीव घट्ट धरला.

शांतारामने पक्कड हातात घेतली. चंद्रावतीने आकडा धरण्यासाठी मला जवळ ओढलं आणि तिचं तोंड माझ्या पट्टीजवळ आलं. ती थांबली. तिने वास घेतला. मग दुसऱ्या पट्टीचा घेतला. सगळ्या कोपऱ्यांचा घेतला. ऋतिका दाराला धरून उभी होती.

"वास आसा," चंद्रावती म्हणाली.

ऋतिकाने डोळे मिटले.

"चिंचेचो," चंद्रावती म्हणाली आणि मला मांडीवर घेऊन मटकन खाली बसली. बराच वेळ ती आकड्यावरून बोट फिरवत होती. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "शांताराम, पक्कड दवर. ही तुजी नवी पडवेंत लाय. पावण्यांक माटोळी जाय न्हय? तांकां तांची. देवाक देवाची."

शांतारामने पक्कड खाली ठेवली आणि त्या संध्याकाळी मी माझ्या जागी चढले. चंद्रावतीने मला सगळ्यात आधी, मधोमध, नारळाच्याही आधी, काय बांधलं असेल? चुलीच्या धुराने पिवळं पडलेलं ते गवताचं झुंबर. आमच्याच शेताचं गवत, त्यामुळे देवालाही काही बोलायला जागा नव्हती.

आता पडवीत नवी आहे. तिच्यावर प्लास्टिक चढत नाही. थंडीत वाल, भोपळे आणि रताळी, उन्हाळ्यात काजूची बोंडं आणि आंबे, जे परसात असेल ते पाहुण्यांनी स्वतः तोडून आणायचं आणि ऋतिकाबरोबर बांधायचं. खाली बसून सगळे पोटभर हुमण खातात. मला तिचा हेवा वाटत नाही. खरंच नाही. थोडा वाटतो, पण सोसते.

मुलांनो, तुमच्याही घरी कधी लांबचे पाहुणे येतील. त्यांना सगळं दाखवा. शेत दाखवा, चूल दाखवा, आपल्या ताटातलं द्या. पण घरातली एखादी गोष्ट ज्याच्या काळजाची असेल, त्याला आधी विचारा. नुसतं बघायला आणि दाखवायला मांडलेलं घर पाहुण्याला दिसतं, पण भेटत नाही. आणि आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना तेवढं वर्षातून एकदा घासून पुसून जागेवर लावत जा. आम्हाला आणखी काही नको असतं.

एक सांगायचं राहिलं. त्या वर्षी विसर्जनानंतर चंद्रावती वाटे काढायला बसली. वाड्यावरच्या घरांचे वाटे झाले आणि सुपात एक नारळ जास्त निघाला.

"आई, हा कोणाचा?" ऋतिकाने विचारलं.

"हेल्मीबायचो," चंद्रावती म्हणाली.

आता नारळ फिनलंडला कसा पाठवायचा? तो विहिरीच्या कडेला ओलसर जागी ठेवला. काही महिन्यांनी त्याला कोंब आला, तेव्हा चंद्रावतीने त्याला विहिरीमागे लावलं, जिथे दोघींनी मला घासलं होतं तिथेच. माड आता तिच्या कमरेएवढा झाला आहे. कोणी नवा पाहुणा आला आणि हा कोणाचा म्हणून विचारू लागला, तर ती कोकणीतच सांगते, "घरच्याच एका माणसाचो. ती भायर गेल्या. येतली."